पाणी कातरत जाणाऱ्या पाखरांचा हिशेबनीस

पाखरं जातात कुठे, हा प्रश्न माणसाला फार जुना आहे. आपल्याकडे कालिदासाच्या यक्षाला ठाऊक होतं की पावसाळ्याचे ढग दिसले की राजहंस मानस सरोवराच्या वाटेला लागतात. युरोपातल्या विद्वानांना मात्र अगदी अठराव्या शतकापर्यंत वाटत असे की पाकोळ्या हिवाळ्यात तळ्याच्या तळाशी चिखलात झोपी जातात. कुणाचं खरं, कुणाचं खोटं, हे ठरवायचं कसं? एकसारख्या दिसणाऱ्या हजार पाखरांतलं हे पाखरू तेच, गेल्या वर्षीचं, हे ओळखणार कसं? या प्रश्नाचं उत्तर सापडलं ते १८९९ साली, डेन्मार्कमधल्या व्हिबोर्ग गावच्या एका शाळामास्तराला. हान्स ख्रिश्चन मॉर्टेन्सन या मास्तरांनी अ‍ॅल्युमिनियमचे हलके वाळे तयार केले, त्यांवर क्रमांक नि पत्ता कोरला आणि ते साळुंकीच्या जातीतल्या स्टार्लिंग पक्ष्यांच्या पायांत घातले. पाखराला नाव मिळालं, गाव मिळालं. जगभरच्या पक्षी-वलयांकनाचा आरंभ तो हाच.

पण जमिनीवरची पाखरं निदान माणसाच्या नजरेच्या टप्प्यात तरी असतात. ज्यांचं सारं आयुष्य समुद्रावर जातं, जी वर्षातून काही महिने तेवढी पिलांसाठी बेटावर उतरतात, आणि तीही काळोख्या रात्री, त्यांचा माग कोण काढणार? तो ज्याने काढला तो ना प्राध्यापक होता, ना कुठल्या संशोधन संस्थेतला नोकर. तो कोंबड्या पाळणारा एक तरुण शेतकरी होता. त्याचं नाव रॉनल्ड मथायस लॉकली.

लॉकलीचा जन्म ८ नोव्हेंबर १९०३चा, वेल्समधल्या कार्डिफ शहरातला. त्याची आई शहराच्या उपनगरात एक वसतिगृहाची शाळा चालवून संसार रेटत होती. मुलगा मात्र वर्गापेक्षा बाहेर रमणारा. शनिवार-रविवार आणि उन्हाळ्याची सुट्टी तो जुन्या कालव्याकाठच्या रानात, पाणथळीत काढायचा. पुष्कळ मुलांना असं वेड असतं नि मिसरूड फुटली की ते ओसरतं. याचं ओसरलं नाही. शाळा संपल्यावर त्याने बहिणीच्या साथीने एक लहानसा कुक्कुटपालनाचा व्यवसाय थाटला. अंडी मोजावी, खुराडी साफ करावी, बाजार गाठावा. मनात मात्र बेट घर करून बसलं होतं. आपलं असं एक बेट असावं, तिथे फक्त आपण आणि पाखरं असावीत.

अशी स्वप्नं सगळेच पाहतात. लॉकलीने ते १९२७ साली एकवीस वर्षांच्या भाडेपट्ट्यावर घेतलं.

पेम्ब्रुकशरच्या पश्चिम टोकापासून काही मैलांवर स्कोकहोम नावाचं तांबड्या वालुकाश्माचं बेट आहे. क्षेत्रफळ सुमारे शंभर हेक्टर. एका टोकाला दीपगृह, मधे एक पडकं शेतघर, बाकी गवत, खडक, वारा आणि ससे. त्याच्याशी विवाहबद्ध झालेली डोरिस शेलार्ड ही त्याच्यासारखीच धाडसी म्हणायची, नाहीतर कुठली नवी नवरी छप्पर नसलेल्या घरात, भर समुद्रात संसार मांडायला तयार होईल?

बँकेत कर्जाच्या प्रस्तावांवर शेरे मारण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. लॉकलीचा प्रस्ताव माझ्या टेबलावर आला असता, तर मी त्याचं काय केलं असतं हे सांगायला फार कल्पनाशक्ती नको. बेटावरचे रानससे पकडायचे, किनाऱ्यावर नेऊन विकायचे आणि त्यावर भाडं भागवून घर चालवायचं, असा त्याचा हिशेब होता. तारण काही नाही. वाहतूक समुद्राच्या मर्जीवर. हिवाळ्यात आठवडेच्या आठवडे होडी लावता येणार नाही. शेरा एकच पडला असता, नामंजूर. आणि व्यवहार म्हणून तो शेरा चुकीचा ठरला नसता. रानसशांवर भागेना, तेव्हा त्याने भारी किमतीच्या मऊ लोकरीसाठी चिंचिला जातीचे ससे पाळून पाहिले. तेही जमलं नाही.

पण समुद्र घेतो तसा देतोही. १९२८ साली ‘अ‍ॅलिस विल्यम्स’ नावाचं कोळसा वाहणारं शिडाचं जहाज याच बेटाच्या खडकांवर येऊन फुटलं. लॉकलीने त्या फुटक्या जहाजाचं लाकूड वाहून आणलं. त्यातून घराचं छप्पर, तुळया, कपाटं उभी राहिली. कोळशाने चूल पेटती ठेवली. जहाजाच्या नाळेवरची लाकडी स्त्रीमूर्तीसुद्धा त्याने बेटावर आणून उभी केली. पुढे १९३० साली मुलगी झाली, तिचं नाव अ‍ॅन. सशांनी जे दिलं नाही ते हळूहळू लेखणी देऊ लागली. बेटावरच्या दिवसांवर तो लेख लिहू लागला, पुस्तकं लिहू लागला. शेतीत बुडालेला माणूस वर्णनावर तरला, असं म्हणायला हरकत नाही.

आता त्या बेटावरच्या रात्रींविषयी सांगायला हवं.

स्कोकहोमवर दिवसा गेलात तर मँक्स शिअरवॉटर हा पक्षी तुम्हाला दिसणार नाही. जमिनीखाली सशांच्या बिळांसारख्या बिळांत तो अंड्यावर बसलेला असतो, आणि त्याचा जोडीदार दूर समुद्रावर. वरून काळा, खालून पांढरा, वजन सुमारे चारशे ग्रॅम. लांबट, ताठ पंखांनी तो लाटांना चाटत जातो, एक पंख पाण्याला टेकतो की काय असं वाटावं. पाणी कातरणारा म्हणून शिअरवॉटर. आकाशात जितका डौलदार, जमिनीवर तितकाच लाचार. पाय इतके मागे की नीट चालता येत नाही, पोटावर सरपटावं लागतं. उजेडात उतरला तर मोठे काळ्या पाठीचे कुरव त्याला फाडून खातात. म्हणून तो घरी येतो तो मध्यरात्री, आणि जितकी अमावस्या गडद तितके हे पक्षी जास्त. मग सारं बेट किंकाळ्यांनी भरून जातं. नवख्याला वाटावं, भुताटकी आहे. प्रत्यक्षात असतं काय, तर बिळातली बायको नि आकाशातला नवरा एकमेकांचा आवाज ओळखत असतात.

लॉकलीने हा गोंधळ ऐकला आणि त्याला प्रश्न पडला, तो साऱ्यांना पडावा असाच. हे पक्षी करतात काय? त्या काळी त्यांच्या घरगुती आयुष्याची माहिती जवळजवळ कुणालाच नव्हती. त्याने घराजवळचं एक बीळ निवडलं, घरट्याच्या बरोबर वर जमीन खणली आणि त्या भोकावर गवताच्या ढेकळाचं एक झाकण बसवलं. झाकण उचलायचं, आत डोकवायचं, पुन्हा ठेवायचं. बस, एवढीच त्याची प्रयोगशाळा. त्या जोडप्याला त्याने नावं दिली, एडा आणि अ‍ॅडम. दोघांच्या पायांत वाळे घातले. मग दिवसामागून दिवस, ऋतूमागून ऋतू नोंदी सुरू झाल्या.

त्या नोंदींतून जे निघालं ते वाचताना आजही नवल वाटतं. हे जोडपं वर्षाला एकच अंडं घालतं. अंडं उबवायला पन्नासहून अधिक दिवस लागतात, आणि नर-मादी पाळीपाळीने बसतात. एक जण दिवसचे दिवस उपाशी अंड्यावर, दुसरा समुद्रावर चरायला. पिल्लू झालं की दोघं मिळून त्याला इतकं भरवतात की ते आईबापांपेक्षाही जड होतं. आणि मग साधारण साठाव्या दिवसाच्या सुमारास आईबाप त्याला टाकून निघून जातात. कायमचे. पिल्लू आठवडाभर बिळात उपाशी राहतं, अंगावरची चरबी उतरते, पिसं पुरी होतात. एका रात्री ते स्वतःच बाहेर पडतं, सरपटत कड्यापर्यंत जातं आणि समुद्रावर झेपावतं. वाट दाखवायला कुणी नसतं. तरीही ते अटलांटिक ओलांडून दक्षिण अमेरिकेकडे जातं. स्कोकहोमवर वाळा घातलेलं असं एक पिल्लू पुढच्या काळात अवघ्या सतरा दिवसांच्या आत ब्राझीलच्या किनाऱ्यावर सापडलं.

वाळ्यांनी आणखीही एक गोष्ट सांगितली. पिलांना भरवण्याच्या दिवसांत हे पक्षी बेटाच्या आसपासच चरत असतील, असा कुणाचाही समज होईल. पण स्कोकहोमचे वाळे घातलेले पक्षी फ्रान्स-स्पेनच्या बिस्केच्या उपसागरात मासेमारांच्या हाती लागू लागले. लॉकलीच्या लक्षात आलं की सार्डिन माशांच्या थव्यांमागे ही पाखरं घरापासून शेकडो मैल जातात आणि परततात. आपल्याकडे कोकणातली माणसं मुंबईच्या गिरणीत राबून गावी मनीऑर्डर पाठवत, तसाच काहीसा हा संसार.

१९३३ साली लॉकलीने बेटावर तारेच्या जाळीचा एक लांबलचक, निमुळता होत जाणारा सापळा उभारला. वाटेत टेकलेली पाखरं झुडपांतून हळूच हाकलत आणायची, टोकाच्या पेटीत धरायची, वाळा घालायचा, सोडून द्यायची. जर्मनीच्या हेलिगोलँड बेटावर ही पद्धत निघाली, म्हणून त्याला हेलिगोलँड सापळा म्हणतात. स्कोकहोमवरच्या त्या सापळ्याने ब्रिटनमधलं पहिलं पक्षी-निरीक्षण केंद्र सुरू झालं. आपल्याला जवळचं वाटावं असं यात काही आहे. लॉकलीच्या या सापळ्याच्या तीन-चार वर्षं आधीच मुंबईचे एक तरुण पक्षी-अभ्यासक बर्लिनमध्ये शिकत असताना त्याच हेलिगोलँडला जाऊन वलयांकनाचे धडे गिरवून आले होते. ते डॉ. सलीम अली. त्यांच्या पुढाकाराने बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९५९नंतर हजारो स्थलांतरित पक्ष्यांच्या पायांत वाळे घातले. दोन दूरच्या किनाऱ्यांवर एकाच शाळेचे दोन विद्यार्थी.

लॉकलीच्या हातून १९३४ साली आणखी एक काम झालं. शेजारच्या ग्रासहोम बेटावर गॅनेट या मोठ्या समुद्रपक्ष्यांची वसाहत आहे. तिच्यावर जूलियन हक्सली यांच्याबरोबर त्याने केलेल्या लघुपटाला पुढे ऑस्कर मिळालं. पण त्याचं मन अडकलं होतं एका वेगळ्याच प्रश्नात. पाखरू जातं हे कळलं. ते परत येतं कसं?

तेव्हा त्याने आणि पक्षीशास्त्रज्ञ डेव्हिड लॅक याने १९३६ आणि १९३७ साली प्रयोग केले. बिळातून पक्षी उचलायचे, पेटीतून दूर न्यायचे, सोडायचे आणि रात्री बिळाजवळ वाट पाहत बसायचं. आधी इंग्लंडच्याच किनाऱ्यावरून, मग थेट इटलीतल्या व्हेनिसहून. व्हेनिस म्हणजे या पक्ष्याच्या ओळखीच्या समुद्रापासून तुटलेली जागा. तिथून सोडलेला एक पक्षी चौदा दिवस आणि पाच तासांनी स्कोकहोमच्या आपल्या बिळात हजर झाला. सरळ रेषेत ते अंतर सुमारे दीड हजार किलोमीटर, पण ती रेषा आल्प्स पर्वतावरून, जमिनीवरून जाते. समुद्रामार्गे यायचं तर साऱ्या इटलीला आणि स्पेनला वळसा. तो कोणत्या वाटेने आला, हे त्याच्या पायातला वाळा सांगू शकत नव्हता. वाळ्याला दोनच गोष्टी कळतात, निघाला कुठून नि पोचला कुठे. मधलं सारं कोरं.

या प्रयोगांत एक टोचणीही आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. बिळातून उचललेल्या प्रत्येक पाखरामागे एक अंडं किंवा एक जोडीदार ताटकळत असे. प्रवासात काही पक्षी दगावतही. ज्याच्यावर प्रेम करायचं त्याचीच परीक्षा पाहायची, हा विज्ञानाचा जुना पेच आहे. लॉकलीने पाखरांना जीव लावला होता, तरी तो या पेचातून सुटला नाही.

१९३९ साली महायुद्ध आलं. १९४०मध्ये लॉकली कुटुंबाला बेट सोडावं लागलं. तेरा वर्षांचा संसार होडीत भरून किनाऱ्यावर आला. पुढे तो संसारही टिकला नाही, डोरिस आणि रॉनल्ड विभक्त झाले. याच काळातली एक गोष्ट मात्र मनाला उभारी देणारी आहे. त्याचा मेहुणा जॉन बक्स्टन हा कवी. तो नॉर्वेच्या लढाईत जर्मनांच्या हाती सापडला आणि पाच वर्षं युद्धकैद्यांच्या छावणीत राहिला. लॉकली त्याला पत्रं लिहायचा. पत्रांत युद्ध नसे, असायचं ते बेट, तिथली फुलं, तिथली पाखरं. तारेच्या कुंपणाआड बक्स्टनही स्वस्थ बसला नाही. छावणीत घरटी करणाऱ्या थिरथिऱ्यांच्या नोंदी त्याने सोबत्यांच्या मदतीने तासन् तास ठेवल्या आणि सुटल्यावर त्यांवर एक मान्यता पावलेला ग्रंथ लिहिला. लॉकलीची पत्रंही १९४७ साली पुस्तकरूपाने आली. कैदेतल्या माणसाला कुंपणावरून ये-जा करणारं पाखरू काय वाटत असेल, याची कल्पना ज्याची त्याने करावी.

लॉकलीने सुरू केलेली परंपरा बेटावर युद्धानंतर पुन्हा रुजली. १९५२ साली तिथून दोन शिअरवॉटर अमेरिकेला गेले. नेणारा होता रोझारिओ मॅझिओ, बोस्टनच्या प्रसिद्ध वाद्यवृंदातला क्लॅरिनेटवादक. रेल्वे, मग विमान, असा प्रवास झाला. एक पक्षी वाटेतच मेला. दुसऱ्याला ३ जूनला बोस्टनच्या बंदराकाठी सोडण्यात आलं. आपण कोणता पक्षी कधी सोडला हे मॅझिओने पत्राने कळवलं. ते पत्र वेल्सला पोचण्याआधी, साडेबारा दिवसांत, जवळजवळ पाच हजार किलोमीटरचा अटलांटिक ओलांडून पाखरू आपल्या बिळात येऊन बसलं होतं. पायातल्या वाळ्यावरचा क्रमांक होता एएक्स ६५८७. टपालखात्यावर पाखराने मात केली, ही बातमी तेव्हा जगभर गाजली.

लॉकली आता किनाऱ्यावर राहत होता. बेटाचा मालक होण्याचं स्वप्न मागे पडलं होतं, पण बेटं वाचवण्याचं काम त्याने हाती घेतलं. पश्चिम वेल्समधल्या निसर्गप्रेमींची संघटना त्याने उभी केली. पेम्ब्रुकशरचा किनारा १९५२ साली राष्ट्रीय उद्यान झाला, त्यामागे त्याचे कष्ट होते. शिअरवॉटरांचं शेजारचं मोठं बेट स्कोमर १९५९ साली राखीव झालं. ज्या सशांनी त्याला तरुणपणी बुडवलं, त्यांच्याच जमिनीखालच्या आयुष्यावर त्याने १९६४ साली एक पुस्तक लिहिलं. ते वाचून रिचर्ड अ‍ॅडम्सने ‘वॉटरशिप डाउन’ ही सशांची कादंबरी बेतली आणि ती लाखोंनी खपली. सशांचं कर्ज असं फिटलं. बँकेच्या कुठल्याही खातेवहीत न बसणारी ही परतफेड.

पण सारंच वाचलं नाही. मिलफर्ड हेवन हे तिथलं सुंदर नैसर्गिक बंदर. १९६०पासून त्याच्या काठी तेलशुद्धीकरणाचे कारखाने उभे राहू लागले. ज्या पाण्यावर लहानपणापासून जीव टाकला त्याच्याकडे तेलाची जहाजं येताना पाहणं त्याला सोसेना. विरोध करून झाला. अखेर १९७०च्या दशकात त्याने वेल्सचा निरोप घेतला आणि तो जगाच्या दुसऱ्या टोकाला, न्यूझीलंडला जाऊन राहिला. तिथेही पाखरं होतीच, लिहिणंही चालू राहिलं. १२ एप्रिल २००० रोजी, शहाण्णव वर्षांचा होऊन, तो तिथेच वारला. पाखरू घरी परत कसं येतं याचा शोध घेण्यात ज्याने तारुण्य घातलं, तो स्वतः मात्र परतला नाही. याला नियतीचा विनोद म्हणावं की आणखी काही? मला वाटतं, पाखराला परतायला बीळ जागेवर असावं लागतं. माणसाचं बीळ कधी कधी जग बुजवून टाकतं.

त्याने कोरी सोडलेली जागा मात्र भरली गेली. आता वाळ्याबरोबर काही ग्रॅम वजनाचं एक यंत्र पाखराच्या पायाला बांधतात. सूर्य केव्हा उगवला नि मावळला याची नोंद ते ठेवतं, त्यावरून पाखरू कुठे होतं ते काढता येतं. स्कोमरच्या शिअरवॉटरांना अशी यंत्रं लावून टिम गिलफर्ड आणि सहकाऱ्यांनी २००९ साली त्यांची वाट जगासमोर मांडली. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याने खाली, तिथून अटलांटिक ओलांडून ब्राझील, मग अर्जेंटिनालगतच्या समुद्रात मुक्काम. परतीची वाट वेगळी, वाऱ्यांच्या सोयीने, कॅरिबियन समुद्राकडून वर वळून. वाटेत काही पक्षी दोन-दोन आठवडे थांबतातही. म्हणजे वेल्समधल्या एका बिळाचा संसार चालतो तो चार-पाच देशांच्या समुद्रांच्या भरवशावर. अर्जेंटिनाच्या किनाऱ्यालगत मासे संपले, किंवा बिस्केच्या उपसागरात तेल सांडलं, तर स्कोकहोमच्या बिळातलं पिल्लू उपाशी राहणार. जगातल्या मँक्स शिअरवॉटरांपैकी जवळजवळ निम्मे स्कोमर, स्कोकहोम आणि त्यांच्या शेजारच्या एका छोट्या बेटावर घर करतात. ही जबाबदारी केवढी, हे वाट कळल्याशिवाय कळलंच नसतं.

२००६ साली स्कोकहोम बेट तिथल्या वन्यजीव न्यासाने विकत घेतलं. वलयांकन मधली काही दशकं बंद पडलं होतं. २०१४ साली लॉकलीच्या निरीक्षण केंद्राला पुन्हा मान्यता मिळाली. त्याने जहाजाच्या लाकडांनी उभारलेल्या घरात आज पाहुणे मुक्काम करतात आणि रात्री कंदील मालवून बाहेर येतात.

हल्ली आपल्या घरातलीही पाखरं दूर जातात. कुणी पुण्याला, कुणी बंगळुरूला, कुणी बोस्टनलाच. आईबाप भरवून जड करतात आणि एका दिवशी ती कड्यावरून झेप घेतात. वाट कुणी दाखवलेली नसते, तरी ती पोचतात. दर वर्षी मार्च महिना आला की स्कोकहोमवर काळोखात एकेक किंकाळी ऐकू येऊ लागते. गेल्या वर्षीचे शिअरवॉटर दहा हजार किलोमीटरवरून आपापल्या बिळाच्या तोंडाशी उतरलेले असतात.